वयाची सवलत नको, वयाची शिक्षाही नको

कुणा ज्येष्ठ गायिकेच्या अलीकडच्या मैफलीची चित्रफीत फिरू लागली की तिच्याखाली ठरलेला वाद जुंपतो. एक बाजू म्हणते, आवाज गेला, आता थांबायला हवं होतं, आमच्या मनातली आठवण तरी शाबूत राहिली असती. दुसरी बाजू खवळून म्हणते, वय बघा, साधना बघा, हात जोडा आणि गप्प बसा. वरवर ही दोन टोकं दिसतात. पण नीट पाहिलं तर दोघांनीही एक गोष्ट न बोलता मान्य केलेली असते: समोर जे गायलं जातंय ते गाणं म्हणून ऐकण्याजोगं उरलेलं नाही. पहिला ते तोंडावर सांगतो, दुसरा आदराने झाकतो. बाईंनी त्या दिवशी काय गायलं, कुठल्या शब्दावर थांबल्या, लय कशी धरली, याबद्दल दोघंही अवाक्षर काढत नाहीत. माझं म्हणणं स्पष्ट आहे. ज्येष्ठ कलावंताचं गाणं आजचं काम म्हणून ऐकलं पाहिजे. त्याला वयाची सवलत नको आणि वयाची शिक्षाही नको. आणि काही कलावंतांच्या बाबतीत तर उतारवयात केलेलं काम हेच त्यांचं मुख्य काम असतं.

हे मी ॲबी लिंकन या अमेरिकी जॅझ गायिकेच्या आधाराने मांडते आहे, कारण त्यांच्या आयुष्यात हा प्रश्न जितका उघडा पडतो तितका क्वचितच कुठे पडतो. जन्म १९३० सालचा, शिकागोतला. बारा भावंडांत त्या दहाव्या. बालपण मिशिगनमधल्या शेतावर गेलं. मूळ नाव ॲना मरी वूलड्रिज. नाइटक्लबांत गात असताना गीतकार बॉब रसेल यांनी त्यांना नवं नाव दिलं, वेस्टमिन्स्टर ॲबीतलं ॲबी आणि अब्राहम लिंकनमधलं लिंकन घेऊन. १९५६ साली ‘द गर्ल कान्ट हेल्प इट’ या चित्रपटात त्या एका गाण्यापुरत्या झळकल्या, त्या मेरिलिन मन्रोने आधीच्या एका चित्रपटात घातलेल्या झग्यात. आवाज तेव्हा पंचविशीतला, निकोप, गोड. पण गाजला तो झगा. पुढे त्यांनी तो जाळून टाकला. तरुणपणी बाईच्या शरीराकडे बघत ऐकायचं आणि म्हातारपणी शरीर थकलं म्हणून ऐकणं थांबवायचं, या दोन सवयी वेगळ्या आहेत का? मला तरी ती एकच सवय वाटते.

गोड आवाजाची ही गायिका तिशीत पोचेपर्यंत त्या गोडव्यापासून स्वतःहून दूर गेली होती. १९६० साली ड्रमवादक मॅक्स रोच आणि गीतकार ऑस्कर ब्राउन ज्युनिअर यांची ‘वी इन्सिस्ट!’ ही कृष्णवर्णीयांच्या मुक्तिलढ्यावरची ध्वनिमुद्रिका झाली. तिच्यात एक भाग असा आहे की फक्त ड्रम आणि ॲबी लिंकन यांचा आवाज, शब्द एकही नाही. प्रार्थनेच्या गुणगुणण्याने सुरुवात होते आणि मधल्या निषेधाच्या टप्प्यात बाई मिनिटभराहून जास्त वेळ किंचाळतात. त्याच सुमारास आपल्याकडे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांनी मैदानं पेटवली होती. हा प्रचार आहे, कला नव्हे, हा आक्षेप शाहिरांना नवा नव्हता आणि लिंकन यांच्याही वाट्याला तो आलाच. १९६१च्या ‘स्ट्रेट अहेड’ या त्यांच्या अल्बममध्ये कोलमन हॉकिन्स आणि एरिक डॉल्फी यांच्यासारखे वादक होते, तरी ‘डाउनबीट’ या जॅझच्या मासिकात समीक्षक आयरा गिटलर यांनी त्यांना ‘धंदेवाईक निग्रो’, म्हणजे आपल्या वर्णाचं भांडवल करणारी, ठरवलं. त्यावर इतका गदारोळ झाला की मासिकाला १९६२ साली जॅझमधल्या वर्णद्वेषावर परिसंवाद छापावा लागला. गिटलर आणि लिंकन दोघंही त्यात समोरासमोर होते. त्यानंतर बाईंच्या स्वतःच्या नावाचा पुढचा अल्बम आला तो थेट १९७३ साली, आणि तोही जपानमध्ये ध्वनिमुद्रित झालेला.

‘स्ट्रेट अहेड’च्या ध्वनिमुद्रणातली एक आठवण बाई पुढे अनेकदा सांगत. जॅझ पियानोवादक थेलोनियस मंक यांच्या ‘ब्लू मंक’ या सुरावटीवर त्यांनी शब्द लिहिले होते. ते ऐकायला मंक स्वतः आले आणि त्यांच्या कानात म्हणाले, इतकं अचूक होऊ नकोस. मला ही आठवण या सगळ्या वादाची किल्ली वाटते. ज्याला लोक पुढे आवाजाचा ऱ्हास म्हणाले, सूर किंचित खालून लावणं, कंप न देता स्वर सरळ धरून ठेवणं, व्यंजनांवर जोर देऊन ओळ जवळजवळ बोलल्यासारखी टाकणं, त्यातलं बरंचसं त्यांनी तिशीत, गळा पूर्ण ताब्यात असताना निवडलं होतं. म्हातारपणाने हे त्यांच्यावर लादलं असं म्हणणारा त्यांचे तरुणपणीचे अल्बम ऐकलेला नसतो.

आता विरुद्ध बाजूचं जे बळकट आहे ते मान्य करते. गाणं शरीरातून येतं. वयानुसार स्वरतंतूंची लवचीकता कमी होते, श्वास आखूड होतो, बायकांचा आवाज रजोनिवृत्तीनंतर खाली उतरतो, पट्टी उतरवावी लागते, तार सप्तक हातचं जातं. या गोष्टी नाकारून कुणाचा सन्मान होत नाही. आणि थांबण्याचीही एक थोर परंपरा आहे. केसरबाई केरकरांनी साठच्या दशकात जाहीर मैफली बंद केल्या. आपल्या गाण्याला आपणच लावलेल्या कसोटीवर ते उतरत नाही असं वाटल्यावर त्यांनी कुणाच्या आग्रहाला भीक घातली नाही. सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स यांनी १९५७ साली लिंकन यांच्या ‘दॅट्स हिम!’मध्ये साथ केली होती, साठच्या दशकाच्या अखेरीस ते पवईच्या आश्रमात येऊन राहिले होते. त्यांनीही फुप्फुसाच्या आजारामुळे २०१२ नंतर मंचावर वाजवलं नाही. या दोघांच्या निर्णयात जो ताठपणा आहे त्याच्यापुढे मी नतमस्तक आहे. मग लिंकन यांनीही तसंच करायला नको होतं का?

नव्हतं करायला हवं, आणि त्याचं कारण केसरबाईंच्याच घराण्यात सापडतं. जयपूर-अत्रौलीच्या गायकीची केसरबाईंची मांडणी ज्या प्रचंड, अखंड, तिन्ही सप्तकांत एकसारख्या भरीव आवाजावर उभी होती, तो आवाज हा त्या मांडणीचा पायाच होता. तो हलला तर इमारतच बदलली असती. पण केसरबाईंचे गुरू अल्लादिया खाँसाहेब यांच्याच मुलांकडे, मंजी खाँ आणि बुर्जी खाँ यांच्याकडे शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर साठीच्या पुढे जे गायले त्याने देशभरच्या श्रोत्यांना जागं केलं. खरी कीर्ती त्यांना आयुष्याच्या उत्तरार्धात मिळाली. त्यांच्या गाण्यात राग उलगडत जाण्याची जी घाई नसलेली तातडी होती, ती आवाजाच्या आकारावर अवलंबून नव्हती. गंगूबाई हनगलांचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेनंतर पार बदलला, पुरुषी वाटावा इतका खाली आला, आणि त्याच आवाजावर त्यांनी आपलं गाणं उभं केलं. म्हणजे ‘आवाज गेला की थांबावं’ असा सर्वांना लागू पडणारा नियमच नाही. त्या कलावंताचं गाणं कशावर उभं आहे, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. तो न विचारता दिलेला निकाल आळशी असतो.

मग लिंकन यांचं गाणं कशावर उभं होतं? इथे आपल्याला आपल्याच ऐकण्याच्या सवयीकडे वळून बघावं लागेल. भावगीत आणि चित्रपटगीत यांनी आपल्या कानांना कामाची एक वाटणी शिकवली: कवीने लिहायचं, संगीतकाराने चाल लावायची, गायिकेने गायचं. या वाटणीतून अलौकिक गाणी निर्माण झाली, त्याबद्दल दुमत नाही. पण तिच्यामुळे गायिका म्हणजे गळा, हे समीकरण आपल्या मनात इतकं घट्ट बसलं की गळा थकला म्हणजे गायिका संपली, हे आपोआपच ओघाने येतं. लिंकन मात्र वाग्गेयकार होत्या, म्हणजे शब्द आणि चाल दोन्ही स्वतः रचणाऱ्या. सत्तरच्या दशकापासून त्या स्वतःची गाणी अधिकाधिक लिहू लागल्या. १९९० साली, साठीला टेकल्यावर, ‘द वर्ल्ड इज फॉलिंग डाउन’ हा अल्बम आला आणि तिथून २००७पर्यंत व्हर्व्ह या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी त्यांनी जे अल्बम केले त्यात त्यांची स्वतःची गाणी केंद्रस्थानी आली. जग कोसळतंय, माझा हात धर, एवढं साधं त्या म्हणतात. एकट्या पक्ष्याला उंच उडताना पाहून त्याच्याशी बोलतात. मृत्यूने हाक मारल्यावर काय करायचं, यावर गातात. हे सगळं पंचविशीत लिहिता येत नाही असं नाही; पण त्यांनी ते पंचविशीत लिहिलं नव्हतं. त्या वयात त्या दुसऱ्यांनी लिहिलेली प्रेमगीतं गात होत्या. आपल्या वाट्याला त्यांची कला आली ती उतारवयातच.

‘थ्रो इट अवे’ या त्यांच्या गाण्याची वेगवेगळ्या वयातली ध्वनिमुद्रणं ओळीने ऐकून पाहावीत असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. १९८० सालचं, सॅक्सोफोनवादक आर्ची शेप यांच्या साथीने केलेलं, १९९५च्या ‘अ टर्टल्स ड्रीम’मधलं, आणि २००७च्या ‘ॲबी सिंग्ज ॲबी’मधलं. गाण्याचा आशय असा, की मूठ उघडी ठेव, जे आहे ते देऊन टाक, जे खरोखर तुझं आहे ते हरवूच शकत नाही. पन्नाशीच्या बाई हे म्हणतात तेव्हा ते एक पटलेलं तत्त्वज्ञान वाटतं. सूर भरलेला आहे, ओळ ओसंडते. पासष्टीच्या आसपास तीच ओळ सावकाश येते, शब्दांमध्ये मोकळी जागा असते, आणि त्या जागेत श्रोत्याला विचार करायला वेळ मिळतो. शहात्तराव्या वर्षी पियानोच्या जागी अकॉर्डियन, चेलो, पेडल स्टील गिटार अशी साथ आहे, आवाज खाली उतरलेला, कडेला फाटलेला आहे. आणि तोवर त्या स्वतःच्या गळ्यातलं पुष्कळ काही सोडून बसलेल्या आहेत. गाणं जे सांगतंय ते गाणारी आपल्या कानांदेखत करते आहे. हा अर्थ १९८०च्या ध्वनिमुद्रणात कसा येणार? तिसरं ध्वनिमुद्रण पहिल्याहून सुरेल आहे असा माझा दावा नाही. पहिलं जास्त सुरेल आहे. तिसरं जास्त खरं आहे, आणि जॅझमध्ये या खरेपणाला कारागिरी लागते: कुठे श्वास घ्यायचा, ठेक्याच्या किती मागे राहायचं, उरलेले मोजके सूर कुठल्या शब्दासाठी राखून ठेवायचे. फाटलेला आवाज असलेला कुणीही माणूस हे करू शकत नाही.

हा वाद जॅझमध्ये आधीही झाला आहे, आणि तोही याच मुद्द्यावर. १९५८ साली जॅझ गायिका बिली हॉलिडे यांनी तंतुवाद्यांच्या मोठ्या ताफ्यासह ‘लेडी इन सॅटिन’ हा अल्बम केला तेव्हा त्यांचा आवाज व्यसनांनी आणि छळाने खरवडून निघाला होता. संगीत संयोजक रे एलिस ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्या गाण्यावर नाराज होते. नंतर ते सगळं पुन्हा ऐकल्यावर त्यांचं मत पालटलं. कित्येकांना ते आजही ऐकवत नाही. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी मात्र त्याच वर्षी एका मुलाखतीत सांगितलं की बिलींचं आत्ताचं गाणं आपल्याला अधिक आवडतं, ते अधिक परिपक्व आहे. पुढच्याच वर्षी त्या गेल्या, अवघ्या ४४व्या वर्षी. हे उदाहरण मी जपून वापरते. दुःख सोसलं म्हणून गाणं थोर होतं, हा एक घातक समज आहे आणि बिलींच्या बाबतीत त्याने फार नुकसान केलं. डेव्हिस दुःखाबद्दल बोलत नव्हते, कसबाबद्दल बोलत होते. लिंकन यांनी बिलींकडून घेतलं तेही कसबच. १९८७ साली त्यांनी बिलींची गाणी गाऊन ध्वनिमुद्रित केली, त्यात नक्कल शोधून सापडत नाही.

याहून धारदार आक्षेप असा: बरं, बाईंची गीतरचना थोर, मग त्यांनी लिहावं आणि चांगल्या गळ्याच्या तरुण गायिकांनी गावं. तसं झालंही आहे. त्यांची गाणी त्यांच्यानंतरच्या अनेक गायिकांनी गायली, गातात. वामनदादा कर्डकांच्या गाण्यांचं आपल्याकडे हेच झालं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेल्या या कवीची गाणी असंख्य गायकांनी भीमजयंतीच्या मंचांवरून पोचवली, कितीतरी जणांचे गळे दादांच्या गळ्याहून तयारीचे. पण वामनदादा स्वतः खंजिरी घेऊन उभे राहत तेव्हा वस्तीतली माणसं लांबून चालत येत, ती कशासाठी? लिहिणाराच गातो तेव्हा ओळ पाठ केलेली वाटत नाही, तिथल्या तिथे म्हणावीशी वाटलेली भासते. कुठला शब्द ओझं वाहतो आणि कुठला नुसता वृत्तासाठी आहे हे त्याला आतून ठाऊक असतं. दुसऱ्याने गायलेलं त्याला पर्याय होऊ शकत नाही. ते त्याच्या शेजारी उभं राहतं. (अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याचं आणि आपलं नातं नुसत्या साम्याचं नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. तरी त्या लढ्याचं संगीत मात्र आपण फार थोडं ऐकलं, याची मला खंत आहे.)

पुरुष कलावंतांना हा प्रश्न इतक्या वेळा विचारला जातो का? लुई आर्मस्ट्राँग यांनी ‘व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड’ गायलं ते १९६७ साली, साठी उलटून गेल्यावर, वाळूवरून गाडं ओढावं तशा आवाजात. त्या खरखरीला जगाने मायेची ऊब म्हटलं. बाईच्या आवाजात तीच खरखर आली की ती झीज ठरते. हा कानांचा दोष नाही, कानांमागच्या अपेक्षेचा आहे, आणि म्हणून तो सुधारता येण्याजोगा आहे.

बाजाराबद्दलचा आक्षेप मात्र मला सगळ्यात जास्त छळतो. आठवणींवर धंदा करणारे आयोजक असतात. थकलेल्या कलावंताला हाताला धरून मंचावर आणायचं, दोन जुनी गाणी म्हणवून घ्यायची, शाल-श्रीफळ द्यायचं आणि तिकिटं खपवायची, असे प्रकार होतात आणि ते घृणास्पद आहेत. तरुणांच्या जागा अडतात हेही काही ठिकाणी खरं आहे. पण उपाय कोणता? कलावंताने घरी बसणं, की आयोजकाने जुन्या गाण्यांचा हट्ट सोडणं? १९९१च्या ‘यू गॉट्टा पे द बँड’चं शीर्षकगीतच वाजवणाऱ्यांचा मोबदला चुकता करण्याबद्दल आहे. त्या अल्बममध्ये स्टॅन गेट्झ यांचा सॅक्सोफोन आहे. ते कर्करोगाने आजारी होते आणि काही महिन्यांतच गेले. तिथे कुणी कुणाला मायेने सांभाळून घेतलेलं ऐकू येत नाही. दोन पक्के कलावंत नवं काम करताना ऐकू येतात. तरुणांचं म्हणाल तर ट्रम्पेटवादक रॉय हार्ग्रोव्ह, सॅक्सोफोनवादक स्टीव्ह कोलमन, टॅप नर्तक सॅव्हियन ग्लोव्हर यांना बाईंनी आपल्या अल्बमांत घेतलं, आणि पियानोवादक मार्क केरी त्यांच्याकडे बारा वर्षं होते. गायिका अल्बर्टा हंटर यांची गोष्ट तर याहून टोकाची. १९२३ साली ब्लूज गायिका बेसी स्मिथने ज्यांचं गाणं गाऊन गाजवलं त्या हंटर पुढे गाणं सोडून वीस वर्षं परिचारिका होत्या. रुग्णालयाने त्यांना सत्तरीच्या समजून निवृत्त केलं तेव्हा त्या ८२ वर्षांच्या होत्या, आणि त्या वर्षी, १९७७ साली, न्यूयॉर्कच्या एका छोट्या क्लबात त्या पुन्हा गायला उभ्या राहिल्या. त्यांना ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार नेमका कुणाचा होता?

‘हात जोडा’ म्हणणाऱ्या बाजूवर माझा राग खरं तर अधिक आहे. थांबा म्हणणारा निदान ऐकून वैतागलेला असतो. हात जोडणारा ऐकतच नाही, आणि टीकेला मज्जाव करून कलावंताला कलावंत म्हणून वागवणंच बंद करतो. लिंकन यांचं सगळंच मला मान्य नाही. काही गाण्यांत उपदेश चालीवर कुरघोडी करतो. २००३च्या ‘इट्स मी’मध्ये काही ठिकाणी तंतुवाद्यांचा थर अनावश्यक आहे, तो त्या आवाजाला झाकायला जातो आणि त्याला झाकण्याची गरजच नव्हती. काही गाणी दोन मिनिटं आधी संपली असती तर बरं झालं असतं. हे मी त्यांच्या वयाकडे बोट न दाखवता म्हणू शकते, कारण यातलं काहीच वयामुळे घडलेलं नाही. हे निवडींबद्दलचे मतभेद आहेत, जे कुठल्याही कामात असलेल्या कलावंताशी असतात. २००२ साली न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधल्या जॅझ विभागाने सलग मैफलींतून त्यांच्या स्वतःच्या रचनांचा पट मांडला. बाईंचा सत्कार करण्याऐवजी त्यांचं काम वाजवलं गेलं.

आपल्याकडे हे करणं अवघड नाही. कार्यक्रमपत्रिकेत रचना कुणाची हे छापावं. ज्येष्ठ गायिकेला तिची आजची पट्टी, आजची लय आणि आजची निवड करू द्यावी, चाळीस वर्षांपूर्वीच्या तबकडीची मागणी करू नये. सभागृह लहान घ्यावं, म्हणजे ध्वनिक्षेपकाशी झुंजावं लागणार नाही. मानधन पूर्ण द्यावं. आणि परीक्षण लिहिणाऱ्याने ‘या वयातही’ हे दोन शब्द गाळून लिहून पाहावं. मग लिहायला काय उरतं, यावरून त्याने गाणं किती ऐकलं ते कळेल. लिंकन २०१० साली, ८०व्या वर्षी गेल्या. मार्क केरी यांनी २०१३ साली त्यांच्या गाण्यांचा अल्बम केला तो एकट्या पियानोवर. शब्द नाहीत, गळा नाही, आणि पहिल्या काही स्वरांतच रचना कुणाची ते ओळखू येतं.